चाचणी स्पर्धेला नकाराधिकार हवा

हिवाळी ऑलिंपिकच्या आधीच्या एक-दोन हिवाळ्यांत यजमान गावांमध्ये चाचणी स्पर्धा भरतात. नव्या बर्फावर पहिल्यांदा शर्यती होतात, घड्याळं आणि कॅमेरे तपासले जातात, स्वयंसेवक नव्या गणवेशात उभे राहतात, मंत्री येऊन पाहणी करून जातात आणि ‘आम्ही सज्ज आहोत’ असं जाहीर होतं. संयोजकांपासून वृत्तवाहिन्यांपर्यंत बहुतेकांना ही रंगीत तालीम वाटते, आणि मला हीच समजूत घातक वाटते. रंगीत तालमीच्या वेळी प्रयोगाची तारीख ठरलेली असते, तिकिटं विकली गेलेली असतात. तालीम कशीही झाली तरी पडदा वर जाणारच असतो. ताशी १४० किलोमीटर वेगाने बर्फावरून घसरत जाणाऱ्या माणसाच्या बाबतीत असं चालत नाही. तिथे चाचणीने एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं असतं: ही जागा या स्पर्धेला योग्य आहे का? उत्तर ‘नाही’ असं आलं तर ते ऐकून घेण्याचा आणि त्यावर काही करण्याचा अधिकार कोणाकडे तरी असला पाहिजे, आणि त्यासाठी वेळही उरलेला असला पाहिजे. गेल्या काही हिवाळी ऑलिंपिकचा इतिहास पाहिला तर चाचण्यांनी इशारे दिले नाहीत असं दिसत नाही. इशारा मिळाल्यावर काय करायचं, हे आधी कोणी ठरवलेलं नव्हतं, असं मात्र वारंवार दिसतं.

हिवाळी खेळांत चाचणीला एवढं महत्त्व का, हे आधी समजून घ्यायला हवं. धावण्याचा ट्रॅक एकदा बनला की वर्षानुवर्षं जवळपास तसाच राहतो. बर्फाच्या खेळांत मात्र मैदानच दर हिवाळ्यात नव्याने घडवावं लागतं. ल्यूज, बॉबस्ले आणि स्केलेटनचा ट्रॅक म्हणजे डोंगरउतारावरून वळणं घेत खाली येणारी काँक्रीटची लांबलचक पन्हळ. तिच्या पोटात शीतकरणाच्या नळ्या असतात. पृष्ठभागावर पाणी फवारून थरावर थर गोठवतात आणि मग कामगार हातातल्या अवजारांनी तो बर्फ तासून वळणांना नेमका आकार देतात. संगणकावरचं वळण आणि प्रत्यक्ष बर्फात उतरलेलं वळण यांत फरक पडतो. त्यात भर म्हणजे प्रत्येक खेळाडू ते वळण वेगळ्या उंचीवरून घेतो. म्हणून नवा ट्रॅक तपासताना स्लेज आधी खालच्या टप्प्यांवरून सोडतात, प्रत्येक ठिकाणचा वेग हिशेबातल्या वेगाशी ताडून पाहतात आणि मगच सुरुवातीची जागा वर-वर नेतात. डाउनहिल स्कीइंगमध्ये उड्यांची लांबी, जाळ्यांच्या जागा, जखमी खेळाडूला हेलिकॉप्टरपर्यंत न्यायला लागणारा वेळ, सगळं त्या विशिष्ट डोंगरावरच तपासावं लागतं. आइस हॉकीच्या सभागृहात हजारो प्रेक्षक बसले की हवेतली उष्णता आणि दमटपणा वाढतो, बर्फ मऊ पडतो. रिकाम्या सभागृहातल्या बर्फावरून भरलेल्या सभागृहातल्या बर्फाचा अंदाज बांधता येत नाही.

इशारा मिळूनही काय होऊ शकतं, याचं सर्वांत वेदनादायक उदाहरण व्हँकुव्हर २०१० चं आहे. व्हिसलरच्या डोंगरावर बांधलेला नवा ट्रॅक जगातला सर्वांत वेगवान ठरला. ऑलिंपिकच्या एक वर्ष आधी, फेब्रुवारी २००९ मध्ये, तिथे झालेल्या चाचणी स्पर्धेत जर्मनीच्या फेलिक्स लोखने ताशी जवळपास १५४ किलोमीटरचा विक्रमी वेग गाठला. आराखड्यात धरलेल्या वेगापेक्षा हा खूपच जास्त होता. आंतरराष्ट्रीय ल्यूज महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष जोसेफ फेन्ट यांना त्याची काळजी वाटली. पुढच्या, म्हणजे सोचीच्या, ट्रॅकवर वेगाला मर्यादा घातली जावी यासाठी महासंघाने मार्च २००९ मध्ये पत्र लिहिलं. ते व्हँकुव्हरच्या संयोजकांपर्यंतही पोहोचलं. कोणी खेळाडू गंभीर जखमी झाला तर, आपल्याला आधी सांगितलं होतं आणि आपण काही केलं नाही असं म्हटलं जाईल, अशी भीती संयोजन समितीचे प्रमुख जॉन फरलाँग यांनी त्या वेळच्या अंतर्गत ईमेलमध्ये व्यक्त केली होती, हे नंतर उघड झालं. म्हणजे चाचणीने आपलं काम चोख केलं होतं. वेग मोजला गेला, काळजी नोंदवली गेली, पत्रही गेलं. पण ते भविष्यातल्या ट्रॅकबद्दल होतं. समोरच्या ट्रॅकबद्दल निर्णय घेण्याची जबाबदारी कोणाची, हे त्यात नव्हतं.

१२ फेब्रुवारी २०१० रोजी, उद्घाटन सोहळ्याला काही तास उरले असताना, जॉर्जियाचा २१ वर्षांचा ल्यूजपटू नोदार कुमारिताश्विली सरावादरम्यान शेवटच्या वळणावर स्लेजवरून उडाला आणि ट्रॅकबाहेरच्या पोलादी खांबावर आदळून मरण पावला. त्या खांबाला कुठलंही आवरण नव्हतं. महासंघाने स्लेजवरचा ताबा सुटण्याकडे बोट दाखवलं. मृत्यूची चौकशी करणाऱ्या ब्रिटिश कोलंबियाच्या अधिकाऱ्यांनी तो अपघाती ठरवताना, खेळाडूला ट्रॅकची तुलनेने कमी सवय होती हेही नोंदवलं. दोषाची वाटणी कशीही करा, माझ्या मनात राहते ती त्या रात्रीची गोष्ट. एका रात्रीत वळणाच्या बाहेरची भिंत उंच केली गेली, बर्फाचा आकार बदलला, खांबांना आवरणं लागली. पुरुषांची शर्यत महिलांच्या, तर महिलांची कुमार गटाच्या सुरुवातीच्या जागेवरून घेण्यात आली. जे एका रात्रीत जमलं, ते चाचणीनंतरच्या जवळजवळ वर्षभरात जमलं नसतं का? पैसा होता, तंत्र होतं, वेळही होता. ‘हे बदलल्याशिवाय स्पर्धा होणार नाही’ असं म्हणणारी संस्था तेवढी नव्हती. हे करता येतं, याचा पुरावा त्याआधीच इटलीत मिळाला होता. तुरिन २००६ साठी बांधलेल्या चेझाना पारिओलच्या ट्रॅकवर २००५ मध्ये ल्यूज खेळाडूंचे अपघात झाले, तेव्हा ऑलिंपिकआधी ट्रॅकमध्येच बदल करण्यात आले होते. पुढे सोचीचा ट्रॅक आखताना स्लेजचा वेग कमी करण्यासाठी वाटेत तीन चढ ठेवले गेले. व्हिसलरच्या चाचणीचा धडा अमलात आला, पण दुसऱ्या देशात आणि एका मृत्यूनंतर.

सोची २०१४ ची गोष्ट वेगळी आहे. काळ्या समुद्राकाठच्या त्या उबदार शहराच्या वरच्या डोंगरांत फेब्रुवारी २०१३ मध्ये स्लोपस्टाइलची, म्हणजे उंचवट्यांवरून उड्या घेत उतरण्याच्या प्रकाराची, चाचणी स्पर्धा ठरली होती. हा प्रकार पुढच्या वर्षी ऑलिंपिकमध्ये प्रथमच येणार होता. उष्ण हवेमुळे ती चाचणी रद्द करावी लागली. संयोजकांनी त्यातून बर्फ कमी पडू शकतो एवढंच घेतलं, आणि ते काम त्यांनी मोठ्या प्रमाणावर केलंही: लाखो घनमीटर बर्फ उष्णतारोधक आवरणांखाली उन्हाळाभर जपून ठेवला. पण चाचणी रद्द झाली तेव्हा आणखी एक गोष्ट तपासायची राहून गेली होती. उड्यांचे उंचवटे केवढे असावेत, उतरण्याच्या जागेचा कोन किती असावा, हे जगातल्या अव्वल खेळाडूंनी तिथे कधी पाहिलंच नव्हतं. फेब्रुवारी २०१४ मध्ये ते पहिल्या सरावाला उतरले तो दिवस म्हणजेच खरी चाचणी ठरली. नॉर्वेच्या टोरश्टाइन होर्गमोचं गळ्याचं हाड (कॉलरबोन) मोडलं आणि त्याचं ऑलिंपिक सुरू होण्याआधीच संपलं. उड्या फार मोठ्या आहेत अशी तक्रार इतर खेळाडूंनी केल्यावर त्या घाईने कमी करण्यात आल्या. शॉन व्हाइटने दुखापतीचा धोका सांगून या प्रकारातून माघार घेतली. प्रत्यक्ष स्पर्धेत चेक खेळाडू शार्का पान्चोहोवा अशी आपटली की तिच्या हेल्मेटला तडा गेला. रद्द झालेली चाचणी म्हणजे अनुत्तरित राहिलेला प्रश्न. तो नंतर कुठेतरी विचारावाच लागतो. सोचीत तो ऑलिंपिकच्याच सरावात खेळाडूंवर विचारला गेला.

बर्फाइतकीच माणसांचीही चाचणी होत असते, हे बीजिंगच्या तयारीत दिसलं. यानछिंगच्या ट्रॅकवर ८ नोव्हेंबर २०२१ रोजी सराव चालू असताना पोलंडचा ल्यूजपटू माटेउश सोहोविच याला निघण्याचा इशारा मिळाला. तो वेगात खाली आला तेव्हा ट्रॅकच्या मधला अडसर बंद होता. त्यावर आदळून त्याच्या पायांना गंभीर दुखापत झाली. ट्रॅकच्या आखणीत काहीच चुकलं नव्हतं; चुकला तो वरच्या आणि खालच्या माणसांमधला समन्वय. अशी चूक कोणत्याही आराखड्यात दिसत नाही, प्रत्यक्ष खेळाडू उतरल्यावरच दिसते. म्हणूनच ती दिसेल तेव्हा स्पर्धेला महिने शिल्लक असायला हवेत. फेब्रुवारी २०२२ मध्ये सोहोविच त्याच ट्रॅकवर ऑलिंपिकमध्ये उतरला. त्याच्या धैर्याला सलाम करतानाही मला वाटतं की ही चूक पकडण्याची किंमत कोणाच्या पायांनी मोजायला नको होती. आधी मोकळ्या स्लेज, मग खालचे टप्पे, मग स्थानिक खेळाडू, अशा क्रमाने कर्मचाऱ्यांचीही पुरेशी तालीम झाली असती, तर ती स्वस्तात पकडता आली असती.

मिलानो-कोर्तिना २०२६ ने दोन्ही बाजू एकाच वेळी दाखवल्या. कोर्तिनाचा एउजेनिओ मोंती ट्रॅक २००८ मध्ये बंद पडला होता. तो नव्याने बांधायला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचाच विरोध होता. शेजारच्या ऑस्ट्रिया किंवा स्वित्झर्लंडमधला चालू ट्रॅक वापरा, असं तिचं म्हणणं होतं. पहिल्या निविदेला कोणी पुढे आलं नाही. अखेर सुमारे १२ कोटी युरो खर्चाचं काम फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालं आणि मार्च २०२५ च्या अखेरीस पहिल्या स्लेज त्यावरून धावल्या. एवढ्या कमी वेळात असा ट्रॅक यापूर्वी उभा राहिलेला नव्हता. मी या बांधकामाचा समर्थक नाही, पण एका गोष्टीसाठी संयोजकांना दाद द्यायला हवी. पहिल्या तपासणीपर्यंत ट्रॅक तयार झाला नाही तर या शर्यती अमेरिकेतल्या लेक प्लॅसिडला होतील, अशी पर्यायी योजना त्यांनी खरोखर आखून ठेवली होती. अटलांटिकपार शर्यती नेणं कोणालाच नको होतं. पण तो पर्याय कागदावर होता म्हणूनच मार्चच्या त्या तपासणीला वजन होतं. ‘नाही’ म्हणणं शक्य होतं, म्हणून ‘होय’ला किंमत आली.

मिलानच्या सांताजुलिया हॉकी सभागृहाबाबत नेमकं उलटं घडलं. बांधकाम लांबत गेलं, डिसेंबरमधली चाचणी दुसरीकडे हलवावी लागली, आणि सभागृहातले पहिले सामने झाले ते जानेवारी २०२६ मध्ये, ऑलिंपिकला महिनाही उरला नसताना. पहिल्याच सामन्यात बर्फाला छोटं भोक पडलं आणि ते बुजवण्यासाठी खेळ थांबवावा लागला. मैदान उत्तर अमेरिकेच्या एनएचएल या व्यावसायिक हॉकी लीगमधल्या प्रमाणित मैदानापेक्षा लांबीला सुमारे एक मीटर कमी आहे, ही बाबसुद्धा स्पर्धेला जेमतेम दोन महिने असताना चर्चेत आली. याच मैदानावर एनएचएलचे खेळाडू २०१४ नंतर प्रथमच ऑलिंपिक खेळणार होते. आपल्याकडे दुसरी योजना नाही, असं संयोजकांनी स्वतःच सांगितलं होतं. फेब्रुवारीत सामने ठरल्याप्रमाणे झाले. पण जानेवारीच्या त्या चाचणीचा निकाल वाईट लागला असता तर काय झालं असतं? सामने तिथेच झाले असते. मग तिला चाचणी का म्हणायचं?

या भूमिकेवर घेतल्या जाणाऱ्या आक्षेपांत सर्वांत वजनदार हवामानाचा आहे. आदल्या वर्षीच्या फेब्रुवारीत थंडी असेल, स्पर्धेच्या वर्षी नसेल. मग चाचणीने काय सिद्ध होतं? व्हँकुव्हरजवळच्या सायप्रस डोंगरावर जानेवारी २०१० मध्ये इतकी ऊब होती की ट्रक आणि हेलिकॉप्टरने बर्फ आणावा लागला. प्योंगचांग २०१८ मध्ये चाचण्या व्यवस्थित होऊनही वाऱ्याने स्कीइंगच्या शर्यती दिवसेंदिवस पुढे ढकलाव्या लागल्या. हे सगळं खरं आहे. चाचणी पुढच्या वर्षीचं हवामान सांगत नाही. पण कोणत्या वाऱ्यात कोणता उतार धोकादायक होतो, हे ती सांगू शकते. १२ फेब्रुवारी २०१८ रोजी महिलांची स्लोपस्टाइल अंतिम फेरी भन्नाट वाऱ्यात घेतली गेली आणि बहुतेक फेऱ्या पडण्यात किंवा अर्ध्यावर सोडण्यात संपल्या. तिथे कमी पडली ती वाऱ्याची माहिती नव्हे. किती वारा असला की थांबायचं, हा आकडा चाचणीच्या आधारे आधीच लिहून ठेवला असता, तर दूरचित्रवाणीचं वेळापत्रक समोर असताना त्या दिवशी तो ठरवावा लागला नसता.

चाचणी होऊनही गोष्टी बिघडतातच, असंही म्हटलं जातं. व्हँकुव्हरजवळच्या रिचमंडच्या स्केटिंग सभागृहात मार्च २००९ मध्ये जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली होती. तरी २०१० च्या ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या ५०० मीटर शर्यतीच्या वेळी बर्फ गुळगुळीत करणारी यंत्रं बिघडली, शर्यत तासाहून अधिक रखडली आणि कॅल्गरीहून दुसरं यंत्र मागवावं लागलं. माझ्या मते हे उदाहरण चाचण्यांच्या विरोधात जात नाही. चाचणी कशी घ्यावी, हे ते सांगतं. सगळं सुरळीत चाललं तर काय होतं एवढंच पाहणारी चाचणी अर्धीच असते. यंत्र मुद्दाम बंद ठेवून, वीज तोडून, जखमी खेळाडू डोंगराच्या सर्वांत अवघड जागी आहे असं धरून पाहायला हवं.

बीजिंगचा दाखला तर विरोधकांना फारच सोयीचा आहे. यानछिंगची डाउनहिल उतरण करोनामुळे विश्वचषक स्पर्धेविनाच राहिली. फेब्रुवारी २०२० ची नियोजित स्पर्धा रद्द झाली आणि जगातले बहुतेक स्कीपटू ती उतरण ऑलिंपिकलाच प्रथम पाहत होते. तरी शर्यत वाऱ्यामुळे एक दिवस लांबून नीट पार पडली. याचं श्रेय अनुभवी आखणीला आणि सक्तीच्या सरावफेऱ्यांना आहे. स्वतः ऑलिंपिक विजेते असलेल्या बर्नहार्ड रुसींसारख्या माणसाने आखलेली उतरण प्रत्येक यजमानाच्या नशिबी असेलच असं नाही. साथीच्या काळात नाइलाजाने केलेली तडजोड पुढच्यांनी पायंडा म्हणून वापरावी, हे मला मान्य नाही.

खर्च आणि पर्यावरणाचा आक्षेप मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. चाचणी म्हणजे आणखी एक हिवाळा कृत्रिम बर्फ, आणखी पाणी, आणखी विमानप्रवास. पण हा युक्तिवाद शेवटपर्यंत नेला तर तो नव्या बांधकामांच्याच विरोधात उभा राहतो. बोर्मिओ, कोर्तिनाची टोफाना उतरण, अँथोल्झचं बायथलॉन केंद्र ही ठिकाणं दरवर्षीच्या विश्वचषकामुळे कित्येक दशकं तपासली गेली आहेत. त्यांच्या चाचणीसाठी वेगळा बर्फ पाडावा लागत नाही. तपासणी तिथेही थांबवून चालत नाही, हे डिसेंबर २०२४ मध्ये बोर्मिओत दिसलं. सरावात फ्रान्सचा सिप्रियाँ साराझँ डोक्याला गंभीर मार लागून जखमी झाला आणि उतरणीच्या तयारीवर स्कीपटूंनी उघड टीका केली. पण त्या टीकेला आधार होता, कारण ती उतरण त्यांना वर्षानुवर्षं ठाऊक होती. स्वस्त आणि विश्वासार्ह चाचणी हवी असेल तर जुनी जागा निवडा. ऑलिंपिक समितीने कोर्तिनाच्या ट्रॅकबाबत नेमकं हेच सुचवलं होतं, आणि तिचं ऐकायला हवं होतं.

चाचणी स्पर्धांचा सर्वाधिक उपयोग कोणाला होतो, याकडे मात्र फारसं लक्ष जात नाही. यजमान देशाच्या खेळाडूंना नव्या ट्रॅकवर हव्या तेवढ्या फेऱ्या मिळतात; व्हिसलरला परदेशी संघांना मिळणाऱ्या सरावाच्या संधी तोकड्या आहेत, अशी तक्रार स्पर्धेआधीपासून होती. जर्मनी किंवा ऑस्ट्रियाकडे स्वतःचे ट्रॅक आहेत. जॉर्जियाकडे नव्हता. भारताकडेही नाही. मनालीजवळच्या गावातून आलेला शिवा केशवन हिमालयातल्या घाटरस्त्यांवर चाकं लावलेल्या स्लेजने सराव करून सहा हिवाळी ऑलिंपिक खेळला, आणि व्हिसलरच्या त्याच ट्रॅकवर कुमारिताश्विलीच्या मृत्यूनंतर शर्यतीत उतरला. काश्मीरचा स्कीपटू आरिफ खान बीजिंगमध्ये भारताचा एकमेव प्रतिनिधी होता. तो ज्या यानछिंगच्या उतारावर धावला तिथे त्याआधी एकही विश्वचषक झाला नव्हता. अशा खेळाडूंसाठी चाचणी स्पर्धा म्हणजे अनोळखी बर्फाशी ओळख करून घेण्याची जवळपास एकमेव संधी. ती उशिरा झाली, रद्द झाली किंवा सरावाचे तास यजमानांनाच मिळाले, तर सर्वांत मोठा धोका त्यांच्या वाट्याला येतो. ऑलिंपिक चळवळ जगातल्या सगळ्या देशांची असेल, तर चाचणीतल्या फेऱ्यांची वाटणी हा सुरक्षेचा विषय मानला पाहिजे; त्यावर यजमानांची मर्जी चालू नये.

आता फ्रेंच आल्प्समधलं २०३० चं ऑलिंपिक समोर आहे. जुलै २०२४ मध्ये, म्हणजे सहा वर्षांहून कमी अवधी उरलेला असताना, यजमानपद ठरलं. स्लेजच्या शर्यती १९९२ साठी बांधलेल्या ला प्लान्यच्या ट्रॅकवर घेण्याचा विचार योग्य आहे. नव्या किंवा तात्पुरत्या हॉकी सभागृहांची काळजी मात्र मिलाननंतर कोणालाही वाटेल. नियम साधा ठेवता येईल. आदल्या वर्षीचा हिवाळा संपेपर्यंत जिथे पूर्ण दर्जाची स्पर्धा झालेली नाही, तिथे ऑलिंपिक होणार नाही. हा निर्णय संयोजन समितीकडे नसावा, तो त्या खेळाच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने घ्यावा. आणि मोजलेले वेग, झालेले अपघात, खेळाडूंच्या तक्रारी आणि त्यावर केलेले बदल यांचा अहवाल सर्वांसाठी खुला असावा. व्हिसलरचं पत्र २००९ मध्येच लोकांसमोर आलं असतं तर त्याचं उत्तर देणं भाग पडलं असतं. २०३० साठी चाचणीचा शेवटचा हिवाळा २०२८-२९ चा आहे. म्हणजे नवी सभागृहं २०२८ च्या शरद ऋतूपर्यंत बर्फासह उभी राहायला हवीत. ही तारीख आणि तोपर्यंत तयार न झालेल्या प्रत्येक जागेच्या बदल्यात वापरायच्या सभागृहाचं नाव संयोजकांनी एकाच कागदावर आजच जाहीर करावं, आणि ते नाव चाचणीचा निकाल येईपर्यंत करारबद्ध ठेवावं.